पहिल्या टेबलाला सगळ्या काळ्या

उद्घाटनानंतरच्या आठवड्यात मी ही गोष्ट चार जणांना सांगितली आणि चारही वेळा मी तिच्यात जरा बरी दिसले. म्हणून पुन्हा सांगते. या वेळी जिथे खोटं बोलेन तिथे थांबायचं, रेघ मारायची आणि तेवढा भाग परत सांगायचा.

इमारतीपासून सुरुवात करते, कारण तिच्याबद्दल खोटं बोलायचं मला काही कारण नाही.

तो निबांचा कारखाना होता. फाउंटन पेनच्या निबा, साध्या आणि सोन्याच्याही. दोन मजले, लाल विटा, वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर आणि प्रत्येक दात्याला उत्तरेकडून काच. निबेला चीर पाडायची तर उजेड सारखा लागतो, हलता चालत नाही. कारखाना बंद पडून सतरा वर्षं झाली होती. आत कबुतरं, भिजलेले पुठ्ठे आणि कोपऱ्यात एक खुर्ची, जिला तीनच पाय होते तरी ती उभी होती. आता खाली चपला-बुटांचं, चष्म्यांचं आणि मेणबत्त्यांचं दुकान आहे, वर मोठं रेस्टॉरंट. पूर्वी जिथून कामगार बाहेर पडायचे त्या बोळात सोफे आहेत, टेबल मिळेपर्यंत बसायला.

माझं काम म्हणजे काय ठेवायचं आणि काय फेकायचं ते सांगणं. जमिनीवरचे तेलाचे डाग मी ठेवायला लावले. त्यांच्यावर काचेसारखा पारदर्शक थर ओतला. डाग दिसले पाहिजेत, कुणाला लागता कामा नयेत. खांबांचा रंग खरवडून आतलं गंजलेलं लोखंड उघडं केलं आणि गंज वाढू नये म्हणून त्याला वॉर्निश दिलं. माझ्या कार्डावर ‘वारसा सल्लागार’ असं छापलेलं आहे.

बाबांनी ते कार्ड हातभर लांब धरून वाचलं होतं. “म्हणजे भंगारवालीच की,” ते म्हणाले. “फक्त कार्डवाली.”

“भंगारवाले माल घेऊन जातात, बाबा. मी जागेवर ठेवते.”

“मग त्याहून वाईट. तो निदान घर रिकामं करतो.”

आत्या आतून ओरडली, “दादा, पोरीला बोलू नकोस. तुझ्या खोलीतलं सामान बघायला बोलावलं तर ती तुलाच जागेवर ठेवेल.”

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती त्याच कारखान्यात सव्वीस वर्षं होती, चीर खात्यात. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. त्यानंतर माझी वेणी, माझा डबा, माझा ताप हे सगळं आत्यानेच पाहिलं. हे आत्ताच सांगून ठेवते. चारही जणांना सांगताना हे मी शेवटी सांगितलं होतं, ओझरतं.

*

बैठकीत कुणीतरी पिशवीचा विषय काढला.

———

कुणीतरी नाही. मी.

बैठकीला आम्ही तिघं होतो. आर्किटेक्ट, ज्यांना सगळे साहेब म्हणतात. रेस्टॉरंटचा मालक, जाडजूड, मनाने चांगला माणूस, बोलताना समोरच्याच्या ताटात काय आहे ते बघत बोलतो. आणि मी. नदीपलीकडच्या साबणाच्या कारखान्याचंही असंच करायचं ठरत होतं आणि ते काम मला द्यायचं की दुसऱ्या कुणाला, हे या उद्घाटनावर अवलंबून होतं. साहेबांनी तसं तोंडावरच सांगितलं होतं.

“विटा छान आहेत,” मालक म्हणाला. “खांब छान आहेत. पण विटा कुणी खात नाही. मला काहीतरी जिवंत द्या.”

“जिवंत म्हणजे?” साहेब.

“म्हणजे घरी जाऊन माणूस सांगेल असं. ‘अरे तिथे ना, असं असं करतात.’ असं काहीतरी.”

“भिंतीवर जुने फोटो...”

“फोटो दाताच्या दवाखान्यातसुद्धा असतात, साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला ओळखीचं होतं. शाळेत उत्तर येत असलेल्या मुलीकडे बाई बघतात तसं. आणि मी हात वर केला. खरोखर नाही, पण केलाच म्हणा.

मी त्यांना पिशवीचं सांगितलं.

सोन्याच्या निबा चोरीला जायच्या. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, केसात घातली तर कुणाला कळणार? दोनशे बायकांची रोज झडती घ्यायची तर बाहेर पडायला दोन तास लागले असते. म्हणून दारात एक कातडी पिशवी टांगलेली असायची. आत चाळीस गोळ्या. एकोणचाळीस पांढऱ्या, एक काळी. बाहेर पडताना प्रत्येकीने हात घालून एक काढायची, दाखवायची आणि परत टाकायची. पांढरी आली की घरी. काळी आली की झडती. कारखान्याच्या साहेबांना याचा फार अभिमान होता म्हणे. आम्ही कुणावर संशय घेत नाही, असं ते सांगायचे. नशीब ठरवतं.

“वा!” मालक पुढे सरकला. “आणि मग झडती कशी?”

मी उठून उभी राहिले. आत्या करायची तशी नक्कल मी करून दाखवली. डोळे मिटून पिशवीत हात, ओठांची पुटपुट, मग हळूच एक डोळा उघडायचा, गोळी बघायची आणि कपाळावर हात मारायचा. मालक इतका हसला की त्याला ठसका लागला. साहेबसुद्धा हसले. मी झडतीपर्यंत गेलेच नाही. “मग काय, थोडीफार तपासणी,” असं म्हणून खाली बसले.

“काळी निघाली की गोड पदार्थ आमच्याकडून!” मालक टेबलावर थाप मारून म्हणाला. “बिलाबरोबर पिशवी आणायची. गिऱ्हाईक हात घालणार. काळी आली की घंटा वाजवायची, केक आणायचा!”

केकची कल्पना त्याची. मी ‘वा’ म्हणाले.

*

आत्या ती गोष्ट कशी सांगायची ते सांगायला हवं, नाहीतर बैठकीतलं हसणं समजणार नाही.

आमच्याकडे पाहुणे आले की जेवणानंतर फर्माईश व्हायची. “ताई, ते पिशवीचं.” आत्या आढेवेढे घ्यायची, मग पदरी पडलंच आहे असा चेहरा करून उठायची. उशीचा अभ्रा म्हणजे पिशवी.

“हात घातला,” ती म्हणायची, “आणि बोटांना विचारलं, बायांनो, सांगा काही. बोटं कसली सांगतात! बाकीच्या खात्यांतल्या बायकांना कळायचं. काळ्या गोळीला रंग दिलेला ना, ती जरा खरखरीत. त्या चाचपून सोडून द्यायच्या. आम्ही चीर खात्यातल्या. दिवसभर चाकावर निब धरून बोटांची झालेली लाकडं. आम्हाला गोळीही गुळगुळीत आणि भिंतही गुळगुळीत. जितकी हुशार कामगार तितकी जास्त झडती!”

मग झडती. भिंतीकडे तोंड करून ती उभी राहायची आणि झडती घेणाऱ्या बाईचा आवाज काढायची, नाकातून. “बूट काढ. हात वर. अंबाडा सोड.” तिला सगळ्या जणी ऊवाली म्हणायच्या, कारण ती केसांतून बारीक कंगवा फिरवायची. “मेलीने एवढी वर्षं कंगवा फिरवला,” आत्या म्हणायची, “सोन्याची निब एक सापडली नाही, पण कारखान्यात कुणाच्या डोक्यात ऊ राहू दिली नाही!”

इथे सगळे हसायचे. बाबा दर वेळी तेच म्हणायचे. “ताईच्या डोक्यात काही सापडलं असतं तर आम्हालाच आश्चर्य वाटलं असतं.” धाकटी असूनही बाबा तिला ताई म्हणत. ती तशीच होती.

एकदाच, पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना, ती आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली होती, “संशय घेतला असता ना, तर भांडता तरी आलं असतं. नशिबाशी काय भांडणार?” मी ताटं रचत होते. मी ऐकलं.

*

उद्घाटन दुपारी होतं. काचांमधून सगळीकडे सारखा पांढरा उजेड येत होता. मालकाला जुन्या कामगारांचं एक टेबल हवं होतं. खिडकीजवळचं, पहिल्या नंबरचं. फोन करकरून आम्ही सहा जणी जमवल्या. सगळ्यांत थोरली ब्याऐंशी वर्षांची, आत्या सत्तरीची. आत्याने करड्या रंगाचे नवे कपडे घातले होते आणि अंबाडा इतका घट्ट बांधला होता की भुवया वर ओढल्यासारख्या दिसत होत्या.

जिन्यावर ती थांबली. “इथे चाकं होती,” ती म्हणाली. “तिथे, जिथे तो फुलांचा घडा आहे ना, तिथे माझं चाक.” मग आजूबाजूला बघून हळूच, “आता इथे श्वास घेता येतो गं. मला वाटायचं हवाच तशी आहे.”

ती खूश होती. हे मी खोटं सांगत नाहीये. सूप आलं तेव्हा तिने वेटरला विचारलं, “तुमची सुट्टी किती वाजता?” आणि तो म्हणाला, “अकराला, आजी.” त्यावर ती म्हणाली, “मग बस चुकत असेल.” सगळ्या म्हाताऱ्या हसल्या.

काळ्या गोळीचं काय होणार ते मला आधीपासून माहीत नव्हतं.

———

माहीत होतं. सकाळी मालकाने मला बाजूला घेतलं. “पहिल्या टेबलाला सगळ्या काळ्याच घालतोय,” तो म्हणाला. “पाहुण्या आहेत, कुणी हात हलवत जायला नको. सहाच्या सहा केक. चालेल ना?” मी म्हणाले, “चालेल.” पुढच्या रांगेत इमारतीत पैसे घातलेली मंडळी होती, फोटो काढणारा होता, साहेब होते. मी त्यांच्या खुर्च्या मोजत होते.

आत्याला मी पिशवीचं आधी सांगितलं नव्हतं. गंमत करायची होती.

वेटर पिशवी घेऊन आला. हुबेहूब कातडी पिशवी, मीच जुन्या फोटोवरून शिवून घेतली होती. त्याने ती आत्यासमोर धरली. “बाई, हात घाला. बघू या नशीब.”

आत्याने पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवून, हसून, घाल घाल असं केलं.

तिने हात घातला. फार वेळ लावला. “अजूनही सगळ्या गुळगुळीतच लागतात,” ती म्हणाली. मग काळी गोळी काढून तिने तळहातावर धरली आणि उंच करून दाखवली, कुणाला दाखवतोय ते न बघता.

घंटा वाजली. कुणीतरी टाळी वाजवली.

आत्या खुर्चीतून उठली. टेबलापासून तीन पावलं चालली, भिंतीशी गेली. बूट काढले. ते एकमेकांना लावून टाचा भिंतीकडे करून ठेवले. भिंतीकडे तोंड केलं. डाव्या हाताने अंबाड्यातल्या पिना एकेक करून काढल्या आणि केस मोकळे सोडले. पांढरे, पातळ, कमरेच्या वरपर्यंतच. मग दोन्ही हात वर केले. “एकशे बारा,” ती म्हणाली, “चीर खातं.” आणि तिने तोंड उघडलं आणि जीभ वर उचलली.

मागे वेटर केक घेऊन उभा. केकवर मेणबत्ती.

तिच्या नकलेत जीभ कधीच नव्हती.

बाकीच्या पाच जणींनी काय केलं ते मी बघितलं. ओरडल्या नाहीत, उठल्या नाहीत. पाचही जणींनी माना खाली घातल्या आणि ताटांकडे बघत राहिल्या. मग सगळ्यांत थोरलीने हळूच दाराकडे पाहिलं, उशीर होतोय असं. रांगेत उभं राहून त्यांना दुसरं काय शिकायला मिळालं असणार!

मालक पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “ही... ही कल्पना होती कुणाची?” तो विचारत होता. ओरडून नाही. त्याला खरंच आठवत नव्हतं. “कुणी सुचवलं हे?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पैसे घातलेली मंडळी साहेबांकडे बघत होती.

मी म्हणाले, “माझी.”

———

मी म्हणाले, “आपण सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं ना तेव्हा...” आणि वाक्य पुरं केलं नाही.

आत्याने हात खाली घेतले. वळली. तोंडावर केस आलेले, पायात नुसते मोजे. आणि ती हसत होती.

“कसं वाटलं?” ती म्हणाली, पाहुण्यांना म्हणायची त्याच आवाजात. “माझीच कल्पना! भाचीला म्हटलं, नुसती गोळी काढून लोकांना काय कळणार? करूनच दाखवते. घाबरलात की नाही?”

मग टाळ्या. अशा टाळ्या की काचा वाजल्या. मालकाने डोळे पुसले. फोटो काढणारा म्हणाला, “आजी, तसंच पुन्हा एकदा, हात वर?” आणि तिने केलं. मालक तिचा हात हातात घेऊन विचारत होता, दर शनिवारी दुपारी याल का, गाडी पाठवतो, जेवण आमच्याकडे. “येईन की,” आत्या म्हणाली. “मला कुठे कामावर जायचंय?”

पिना जमिनीवर पडल्या होत्या. मी खाली बसून त्या वेचल्या. पाचच होत्या, मला पुष्कळ वेळ लागला. खाली वाकलं की तोंड दिसत नाही.

जाताना साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “साबणाच्या कारखान्याचं सोमवारी बोलू,” ते म्हणाले.

*

चारही जणांना मी इथे सांगितलं, “मला काय माहीत? ती नेहमी हसत सांगायची. आम्ही हसत ऐकायचो. तिला इतकं लागलंय हे कळणार कसं?” आणि चारही जण म्हणाले, “खरंय, तुझी काय चूक.”

———

मी दहा वर्षांची होते. शाळा अर्ध्यावर सुटली, घराला कुलूप होतं. बाबा बाहेरगावी. किल्ली आत्याकडे. मी चालत कारखान्यावर गेले. कधी गेले नव्हते, पण धुराडं कुठूनही दिसायचं.

पाळी सुटली होती. दारातला बोळ, आता सोफे आहेत तो, बायकांनी भरलेला होता आणि सगळ्या थांबल्या होत्या. मी पायांमधून वाट काढत पुढे गेले. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. केस सुटलेले. हात वर. पायात बूट नव्हते, मोज्याला अंगठ्यापाशी भोक. एक बाई तिच्या केसांतून कंगवा फिरवत होती, माणूस गादी झटकतो तशी. मग तिने आत्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं आणि आत बोट घातलं.

रांगेतून कुणीतरी म्हणालं, “चला ना लवकर, बस जाईल हिच्यापायी.”

मला वाटलं, आत्याने चोरी केली.

मी हाक मारली नाही. किल्ली मागितली नाही. मागे वळले आणि पळाले, आणि वाटेत एकच विचार करत होते, की यांतल्या कुठल्या बाईने मला ओळखलं तर नसेल ना. तिची म्हणून.

पायरीवर बसून राहिले. ती आली, अंबाडा बांधलेला, हातात पिशवीभर भाजी. “कधीपासून बसलीस गं?”

“आत्ताच आले,” मी म्हणाले.

म्हणजे बैठकीत मी उठून नक्कल केली तेव्हा मला जिभेचं माहीत होतं. “थोडीफार तपासणी” असं म्हणून मी खाली बसले ते विसरले म्हणून नाही.

*

शनिवारी साडेअकराला मी घरी गेले. गाडी बाराला येणार होती.

“या, भंगारवालीबाई,” बाबा म्हणाले. “आमची नटी आत तयार होतेय. तुम्हाला पास हवाय का?”

“बाबा, जरा बाहेर बसता?”

“माझ्याच घरात?” पण माझ्या तोंडाकडे बघून ते वर्तमानपत्र घेऊन पायरीवर गेले.

आत्या आरशासमोर होती. अंबाडा या वेळी सैल बांधलेला, पटकन सुटेल असा. मी पलंगाच्या कडेला बसले.

“आत्या, तू जाऊ नकोस.”

“का? जेवण चांगलं आहे. दोन शनिवार करते, मग गुडघा दुखतो म्हणेन. तोवर तुझं ते साबणाचं पक्कं होईल.”

“मी तिथे बोलले नाही. तो विचारत होता आणि मी बोलले नाही.”

“बघितलं की मी.” ती पिन दातांत धरून बोलत होती. “बोलली असतीस तर काय झालं असतं? दोघींचं हसू झालं असतं. एकीचं झालं ते पुरे.”

“आत्या, मला माहीत होतं. तोंडात बोट घालायचे ते. मी बघितलं होतं. मी लहान होते, किल्ली घ्यायला आले होते आणि...”

“आणि पळालीस.”

“हो,” मी म्हणाले.

तिने पिन खोवली. “भिंतीवर हजेरीचं घड्याळ होतं,” ती म्हणाली. “मोठं, काचेचं दार असलेलं. भिंतीकडे तोंड करून दुसरं बघायला काय असतं? काचेत मागची सगळी रांग दिसायची. त्या दिवशी त्यात तू दिसलीस. दप्तर पुढे धरलेलं, छातीशी.”

“मग ‘कधीपासून बसलीस’ असं का विचारलंस?”

“मग काय विचारणार होते?” ती वळली. “घरी येताना सगळ्या वाटेने तोच विचार केला. पोरगी आता माझ्याकडे कशी बघेल? जेवायला वाढलं तर तू ताटातून मानच वर करेनास. दादा दुसऱ्या दिवशी यायचा होता. म्हटलं, आता काहीतरी करायला हवं. उशीचा अभ्रा काढला. पहिल्यांदा केलं ना ते मी, तेव्हा त्या कंगव्यावर तू इतकी हसलीस, उचकी लागली तुला. मग तू पुन्हा करायला सांगितलंस. म्हटलं, सुटले.”

मला ती उचकी आठवत नव्हती. मला अजूनही आठवत नाही.

“मग दर पाहुण्यासमोर का करायचीस?”

“तू सांगायचीस म्हणून. ‘ते पिशवीचं’ असं आधी कोण म्हणायचं? दादा? त्याला तर ते आवडायचंच नाही. म्हणून तर तो मध्ये विनोद करायचा, लवकर संपावं म्हणून.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाबा ओरडले, “नटीबाई, रथ आलाय!”

आत्या बूट घालायला वाकली. गुडघा धरून, एक हात भिंतीला लावून. मी बूट तिच्या हातातून घेतला. तिला वाटलं मी घालून देतेय, म्हणून तिने पाय पुढे केला. मी बूट पलंगाखाली सरकवला आणि दुसराही.

“अगं, काय करतेस?”

“तू आज जाणार नाहीस.”

“आणि त्याला काय सांगणार? शब्द दिलाय मी.”

“सांगते.”

“काय ते नीट सांग हं,” ती म्हणाली. “रडायला लागू नकोस तिथे. रडलं की लोक सगळं माफ करतात, मग कुणी काही ऐकत नाही.”

मी एकटीच गाडीत बसले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “आजी?”

“मी येतेय,” मी म्हणाले.

*

दारात फळा लावला होता. ‘आज दुपारी : झडती. मूळ कामगार स्वतः सादर करतील.’ टेबलं भरलेली. मालक धावत आला. “आजी कुठे आहेत?” मी म्हणाले, त्या येणार नाहीत, मला दोन मिनिटं बोलू द्या. त्याला वाटलं मी तिच्याऐवजी काही सादर करणार. त्याने ग्लासवर चमचा वाजवून सगळ्यांना गप्प केलं.

मी पहिल्या टेबलाशी उभी राहिले आणि सांगितलं. पिशवी इथे आणायची कल्पना माझी होती. ती आत्याची नव्हती. आत्या माझ्यासाठी खोटं बोलली आणि मी बोलू दिलं. पहिल्या टेबलाला सगळ्या काळ्या गोळ्या घातल्या होत्या आणि ते मला माहीत होतं. त्या झडतीत बायकांच्या तोंडात बोट घालत, तेही मला माहीत होतं, कारण दहा वर्षांची असताना घराची किल्ली घ्यायला आले तेव्हा याच इमारतीत, जिथे तुम्ही मघाशी सोफ्यावर बसला होता तिथे, मी ते पाहिलं, तिला चोर समजले आणि पळून गेले. तिला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ती हसली ती मला हसवायला, आणि मी ते बैठकीत नक्कल करून दाखवलं.

मी रडले नाही. आवाज स्थिर होता. कदाचित तेच चुकलं.

टाळ्या वाजल्या. आधी कोपऱ्यातून, मग सगळीकडून. कुणीतरी “वा!” म्हणालं. एका बाईने शेजारच्या माणसाला हळूच सांगितलं, “किती खरं वाटतं ना! भाचीचं काम करणारी फार छान आहे.” मालकसुद्धा वाजवत होता, पण त्याचे हात सावकाश होत गेले आणि मग थांबले, कारण त्याला बैठक आठवली असावी. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

मी टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिले. मग पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. त्याच शब्दांत, त्याच क्रमाने. लोक आधी हसले, नाटकात कुणी वाक्य विसरल्यावर हसतात तसे. मग हसणं बंद झालं. एक वेटर ट्रे घेऊन माझ्या मागून जायचा होता तो जागीच उभा राहिला. जिभेपाशी आले तेव्हा काटे-चमच्यांचा आवाज थांबला होता.

“पुरे ना आता,” जवळच्या टेबलावरचा एक माणूस खालच्या आवाजात म्हणाला. ताटाकडे बघत. “जेवू द्या.”

तोवर मी फक्त किल्लीपर्यंत आले होते. मी पुढचं सांगितलं.